मामा म्हणू नकोस

चित्रकलेच्या क्लासबाहेर एकच बाक होता, आणि त्यावर ती लेकीची वाट बघत बसली असताना शेजारच्या माणसाचं डोकं अलगद तिच्या खांद्यावर आलं. उठवावं... पण ती स्वतःच इतकी दमली होती, की उठवायचाही कंटाळा आला. त्याच्या खाकी शर्टाला डिझेलचा वास होता. वाईट नव्हता.

क्लासचं दार उघडलं तसा तो दचकला. "शेवटचा स्टॉप?"

"माझा खांदा," ती म्हणाली. "सावकाश उतरा."

तो बसचा ड्रायव्हर. बहिणीला सुट्टी नसायची, म्हणून पहाटेची पाळी संपवून दर शनिवारी भाचीला आणायचा आणि तासभर बाकावर झोप काढायचा. ती स्वतः दातांच्या कवळ्या बनवायची. दिवसभर परक्यांचे दात ओळीत बसवायचे, कणभर पुढे आला की घासायचा. असल्या सवयी कामावरच ठेवून घरी येता येत नाही. नवरा जाऊन चार वर्षं झाली. घरात सरळ करायला उरली होती ती लेकीची चित्रं. लेकीने घर काढलं की आई भिंत नीट करायची, सूर्य काढला की गोल. चित्रं देखणी व्हायची आणि लेक गप्प.

"आज खांदा रिकामा आहे?" पुढच्या शनिवारी त्याने विचारलं.

"राखीव आहे. वेळेवर येणाऱ्यांसाठी."

"मग बसवाल्याचं काही खरं नाही."

ती हसली. आठवड्यातलं पहिलंच हसू असावं. गालांना सवय राहिली नव्हती.

असे बरेच शनिवार गेले. मग एकदा ती एकटीच आली, लेकीची रंगपेटी परत न्यायला.

"क्लास सोडतेय ती. तिची घरची चित्रं बघून बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी तुम्ही आत बसा, मुलीला बाकावर बसवू. घरी विचारलं, तर लेक म्हणते – तूच काढ ना आई, तुला चांगलं येतं." तिचा आवाज खाली गेला. "तिच्या भल्यासाठीच करत होते हो मी."

त्याने सरकून तिला बाकावर जागा करून दिली.

"नवशिक्या ड्रायव्हरशेजारी बसतो ना मी, वळण आलं की माझा पाय आपोआप ब्रेक दाबतो. तिथं ब्रेक नसतोच, नुसता पत्रा. पोटऱ्या भरून येतात. पण गाडी तोच चालवतो."

"आणि ठोकली तर?"

"कागदावर काय ठोकणार? फार तर एखादं घर पडेल."

"मला नाही जमायचं. हात शिवशिवतात."

"उद्या भाचीला घेऊन येतो. बघू तरी तुमचा हात."

रविवारी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाचीने जांभळी मांजर रंगवायला घेतली. लेक हाताची घडी घालून बसली होती. मांजरीला शेपूट फुटेपर्यंत तिने दम धरला, मग हळूच एक कागद ओढला. घर आलं. खिडकी आली – चांगली कलंडलेली. आईचा उजवा हात टेबलावरून सरकू लागला... आणि त्याने तो धरला. जाड, कोरडा, उबदार तळवा. तिने ओढून पाहिलं. फार जोरात नाही.

"मामा, हिरवा द्या ना," लेक म्हणाली.

त्याने डाव्या हाताने रंग पुढे केला. "तू मला मामा म्हणू नकोस."

"ही म्हणते की."

"तिचा आहे मी मामा. तू काका म्हण, ड्रायव्हर म्हण... काहीही म्हण."

"का हो?" आईने विचारलं. "चांगलं नातं आहे."

"चांगलंच आहे." तो हिरव्या नळीकडे बघत राहिला. "पण त्यात मी तुमचा भाऊ ठरतो. ते मला परवडायचं नाही."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. इतक्या थकव्याखाली अजून काही शिल्लक असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"आई..." लेकीने मान वर न करता विचारलं. "खिडकी वाकडी झालीये का?"

त्याच्या मुठीत तिची बोटं एकदा धडपडली.

"झालीये," ती म्हणाली. "त्यातून कोण बघतंय?"

लेकीने काळा रंग उचलला. "अजून ठरलं नाही," म्हणाली, आणि खिडकीत दोन काळे डोळे काढून मोकळी झाली.

"झालं चित्र," तो पुटपुटला. "आता... सोडू हात?"

समोर लेकीने नवा कोरा कागद पुढे घेतला होता.

"नको," ती म्हणाली. "अजून काढणार आहे ती."