उंबरठ्यावरचं नेटवर्क

आधीच सांगते. खाली 'कथा मस्त जमली' असं लिहिणार असाल तर लिहू नका. ही कथा नाही. मी ज्योत्स्ना, जळगावला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते. दिवसभर पोरांची बंद पडलेली मशीनं चालू करून देते. भुताखेतांच्या गप्पा मारायला मला वेळ नसतो.

आणि हे रात्री घडलेलं नाही.

गेल्या वर्षीची आखाजी. भर दुपार. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला माझं माहेर आहे. त्या घराच्या उंबरठ्यावर हे घडलं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीचे लोक त्या दिवशी सोनं घेतात. आमच्या खान्देशात त्या दिवशी पितर येतात. उन्हातून चालून येतात, तहानलेले असतात, म्हणून घरात त्यांच्या नावाची घागर भरतात. घागरीवर पाण्याचं छोटं मडकं, मडक्यावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी सांजोऱ्या. मग घरातली बाई उंबरठ्यावर बसते. एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेते, आणि एकेक कुंकवाचं बोट ओढते.

ज्याचं नाव घेतलं, तो आत येतो.

ज्याचं घेतलं नाही, तो बाहेर उभा राहतो...

म्हणूनच जिवंत माणसाचं नाव त्या उंबरठ्यावर चुकूनही घ्यायचं नसतं.

माझा धाकटा भाऊ अमृत. डोंगरातल्या गावांमध्ये डिश बसवून वाय-फाय पोचवायचा, तेच त्याचं काम. आदल्या पावसाळ्यात अनेर नदीच्या पुरात त्याची मोटारसायकल सापडली. तो सापडला नाही. लोकांनी महिनाभर नदी पालथी घातली. शेवटी सगळ्यांनी मनातल्या मनात मानलं.

आईनं मानलं नाही.

आखाजीच्या आधी शेजारच्या कमलबाई अमृतच्या नावाची नवी घागर घेऊन आल्या. चांगल्या मनानं आणली होती हो त्यांनी. आईनं ती हातात घेतली आणि अंगणात पालथी घातली. कमलबाई गुपचूप निघून गेल्या.

आता मुख्य गोष्ट.

आखाजीला माहेरी जायला मी जळगावहून बसमध्ये बसले. अमळनेर सोडलं आणि फोन आला. गुजरातमधल्या एका दवाखान्यातून. अमृत हरवल्याच्या जाहिरातीत माझा नंबर दिलेला होता. वॉर्डातला एक माणूस बोलत होता. म्हणाला, एक बेवारस पेशंट आहे, काही महिन्यांपूर्वी नदीकाठी सापडला, डोक्याला मार आहे, स्वतःचं नाव सांगता येत नाही. पण बोलतो ती अहिराणी.

मी फोटो पाठवा म्हटलं.

त्याने फोटो पाठवला. नाकात नळी, दाढी वाढलेली, तोंड सुजलेलं. माझ्याच भावाचा चेहरा आहे की नाही, मला सांगता येईना. लाज वाटली मला. तो म्हणाला, उद्या दुपारी याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या आश्रमात हलवणार आहेत, नंतर माग लागणं कठीण. मी बारा वाजता व्हिडिओ कॉल लावतो, तुमच्या आईला दाखवा. आई ओळखेल.

मी हो म्हटलं. घरी अमृतचं वाय-फाय होतंच की.

संध्याकाळी गावात उतरले तेव्हा कळलं. आठ दिवसांपूर्वी अवकाळीचं वादळ झालं होतं. मोबाइलचा टॉवर आडवा. लाइटही गेलेली. गावातल्या एकाही फोनला रेंज नाही.

तरी मी घाबरले नाही. अमृतनं राउटर धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छपरावर, एका डब्यात बसवला होता, सोलरच्या बॅटरीवर चालणारा. खालून बघितलं, डबा जागेवर होता. शिडी कोणीतरी नेलेली, म्हणून वर चढले नाही. गावातली पोरं फुकट नेट वापरायची, त्यामुळे त्यानं नेटवर्कचं नाव लपवून ठेवलं होतं. नाव आणि पासवर्ड फक्त त्याच्या लॅपटॉपला माहीत. तो लॅपटॉप माझ्याकडे होता. त्याच्या मेलमध्ये काही माग लागतो का, हे बघायला मीच जळगावला नेला होता.

लॅपटॉप उघडला.

'वाय-फाय अडॅप्टर सापडला नाही.'

त्यावर विंडोज नाही, लिनक्स आहे. अमृतनं सगळं मराठीत करून ठेवलेलं, आईला वापरता यावं म्हणून. आणि निघायच्या आदल्या दिवशी 'नवीन आवृत्ती उपलब्ध आहे' असं आलं, तेव्हा मी बाईसाहेबांनी हो म्हटलं. जगाला शहाणपण शिकवणारी मी, अपग्रेड करून एकदा चालू करूनही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी बस चुकली असती ना!

रात्रभर बॅटरी जपत खटपट केली. पहाटे परत बसले. वाय-फायचं कार्ड दिसत होतं, पण अपग्रेडसोबत आलेल्या नव्या कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, ते कार्ड चालवणारा ड्रायव्हर चालेना. नवा ड्रायव्हर उतरवायचा तर नेट पाहिजे. नेटसाठी ड्रायव्हर पाहिजे. डोकं फिरायची वेळ आली.

आईला तोवर सांगितलं होतं, फोटोही दाखवला होता. त्या सुजलेल्या तोंडावरून तिलाही सांगता येईना. सांजोऱ्या लाटता लाटता अधूनमधून माझ्याकडे बघायची. ती नजर अजून आठवते.

गाडी काढून शिरपूरकडे पळावं म्हटलं, तर चुलतभाऊ मोटारसायकल घेऊन सासुरवाडीला गेलेला. बाकीचे बाप्ये आमराईत पत्ते कुटत बसलेले. बस दुपारी नाही.

अकरा वाजून गेले.

तेव्हा सुचलं. लॅपटॉप सुरू होताना जुनं कर्नल निवडता येतं. निवडलं.

वरच्या कोपऱ्यात वाय-फायची खूण आली. मी रडलेच.

यादीत अमृतचं जोडणं सेव्ह होतं, त्यानं नाव दिलेलं 'घर'. दाबलं. गोल फिरत राहिलं... 'जोडता आले नाही.' परत दाबलं. परत तेच. सिग्नल धाब्यावरून नीट यावा म्हणून लॅपटॉप उचलून उंबरठ्यावर बसले. तरी तेच.

मग मी ते केलं जे मी रोज लॅबमधल्या पोरांना करायला सांगते. 'हे नेटवर्क विसरा' दाबलं. विसरायचं आणि नव्यानं जोडायचं, बहुतेक वेळा चालतं.

दाबलं आणि मग लक्षात आलं.

'घर' हे त्या जोडण्याचं नाव होतं. नेटवर्कचं खरं नाव वेगळं होतं, लपवलेलं होतं. पासवर्ड मला माहीत नव्हता. ज्या एकाच गोष्टीला तो आठवत होता, तिला मी माझ्या हातानं विसरायला लावलं होतं.

समोर रिकामी चौकट. 'नेटवर्कचे नाव लिहा.'

गावाचं नाव लिहिलं. आईचं, पुष्पाबाई. आमच्या बैलाचं सुद्धा लिहिलं. काही नाही.

आई कुंकवाची वाटी घेऊन माझ्या शेजारी उंबरठ्यावर येऊन बसली. वेळ झाली होती, पितरांना थांबवता येत नाही. तिनं नावं घ्यायला सुरुवात केली. आजेसासरे. सासरे. सासू. मग बाबा. एकेक नाव, एकेक बोट.

बाबांच्या बोटापुढे तिचा हात थांबला. कुंकू बोटावरच राहिलं.

मग हळूच म्हणाली, "काय म्हनस ते?"

मी म्हटलं, "नाव विचारतंय, माय."

"कोनं?"

मला तेव्हाच कळलं होतं काय लिहायचं ते. रिकामी चौकट आली तेव्हाच कळलं होतं बहुधा. पण तिथे बसून, त्या दिवशी, ते नाव लिहायला बोट उचलेना. बारा वाजत आले होते. तिकडे एका माणसाला गाडीत घालून कुठेतरी नेणार होते, आणि तो माझा भाऊ असेल तर...

मी लिहिलं. एकेक अक्षर. लिहिताना ओठ हलले असतील. आवाज निघाला की नाही, देवाशपथ मला आठवत नाही.

अमृत.

आमराईकडून झोक्यावरच्या पोरींची गाणी येत होती... ती थांबली.

चिमण्या थांबल्या.

लिंबाचं पान हलेना.

मी अजून 'जोडा' दाबलं नव्हतं.

वाय-फायच्या चारही रेघा भरल्या.

पासवर्ड विचारलाच नाही त्यानं...

तेवढ्यात लॅपटॉपवर कॉल वाजला आणि मी सगळं विसरून तो उचलला. चित्र इतकं स्वच्छ, की आमच्या कॉलेजातही तसं कधी येत नाही. वॉर्ड दिसला. त्या माणसानं फोन पेशंटजवळ नेला. त्याची नळी काढलेली होती.

आई स्क्रीनच्या अगदी जवळ गेली. कपाळ बघितलं. कान बघितला. बराच वेळ.

"हाऊ मना पोऱ्या नही," ती म्हणाली.

आणि हसली. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. तिचा हिशेब सरळ होता. हा नाही, म्हणजे माझा अजून कुठेतरी आहे. पदरानं डोळे पुसत ती त्या परक्या पोराला आशीर्वाद देत होती, बरा हो म्हणत होती.

तो पेशंट मात्र तिच्याकडे बघत नव्हता.

तो तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. बाहेर. अंगणाकडे.

"माय," तो म्हणाला, "तुना मांगे कोन उभा शे? पानी मांगी ऱ्हायना."

मी मागे वळून बघितलं.

अंगणात ऊन होतं. पालथी घागर होती. दुसरं कोणी नाही.

आई तोवर उठून आत गेली होती, नैवेद्याच्या तयारीला. तिनं ऐकलं नाही असं मला वाटलं. कॉल कटला. रेघा गेल्या. झोक्याची गाणी परत ऐकू यायला लागली.

मला चैन पडेना. दोन घरं पलीकडून शिडी आणली, धाब्यावर चढले, डबा उघडला.

आत राउटर जळून काळा ठिक्कर पडला होता. वीज उतरली होती त्यात, वादळाच्या दिवशीच. बॅटरी फुगून फुटलेली. डिशची वायर तुटून धाब्यावरच पडली होती. आठ दिवसांची धूळ बसलेली त्यावर.

मग मी बोलले ते कोणाच्या लाइनवर?

कशी उतरले माहीत नाही. घरात आई नैवेद्य उचलत होती. तिनं बाबांच्या घागरीवरचं डांगर बाजूला काढलं. मी मडक्यात डोकावले. सकाळी मी स्वतः काठोकाठ भरलं होतं.

थेंब नव्हता.

वैशाखात पाणी आटतं, मला शिकवू नका. झाकलेलं मडकं असं आटत नाही.

तेव्हा मला कळलं, आणि कळलं ते कोणाला सांगायची सोय नव्हती. त्या उंबरठ्यावर नाव घेतल्यावर कोण येतं, हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. जिवंत माणूस येत नाही. ज्या कॉलमुळे आईला वाटलं पोरगा जिवंत आहे, तो कॉल लागला कसा, हे फक्त मला माहीत होतं. आई त्या दिवशी पोटभर जेवली. मी गप्प बसले. माझ्या भावाला मी आईच्या देखत गमावलं आणि रडूही शकले नाही.

जळगावला परत आल्यावर हे आमच्या हितेंद्र सरांना विचारलं. लॅबचं नेटवर्क तेच बघतात. भाऊबिऊ काही सांगितलं नाही, फक्त कामाचं विचारलं. ते म्हणाले, जुनं काहीतरी साठवलेलं असेल, चुकून दुसरं नेटवर्क पकडलं असेल. कोणतं दुसरं? त्या डोंगरात? मग बोलता बोलता म्हणाले, "लपवलेलं नेटवर्क स्वतःहून दिसत नाही मॅडम. त्याला नावानं हाक मारावी लागते. एकदा सेव्ह झालं की लॅपटॉप जिथे जाईल तिथे हाका मारत राहतो."

मी विचारलं, कधीपर्यंत?

"उत्तर येईपर्यंत," ते म्हणाले, आणि चहा प्यायला गेले.

यंदाच्या आखाजीला गेले. टॉवर उभा राहिलाय, फोनला रेंज आहे, लॅपटॉप न्यायचं काही कारण नव्हतं. तरी पिशवीत टाकला होता. का, ते विचारू नका.

दुपारी आई कुंकवाची वाटी घेऊन उंबरठ्यावर बसली. आजेसासरे, सासरे, सासू, बाबा. हात तिथेच थांबला.

माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते मशीन आनं का?"

मी हो म्हटलं.

"उंबरठावर ठेव. त्याले लेऊ दे नाव. मना तोंडमाईन निंघत नही."

म्हणजे तिनं ऐकलं होतं. गेल्या वर्षीच ऐकलं होतं. वर्षभर ती माझ्यासाठी गप्प होती आणि मी तिच्यासाठी.

लॅपटॉप उघडून ठेवला. गोल फिरत राहिलं. आईनं पदर डोक्यावरून घेतला. कमलबाईंची घागर तिनं कधी सरळ करून भरली होती, माझं लक्षच नव्हतं. तिनं ती उंबरठ्याच्या आत, दाराशी सरकवली. मग आम्ही दोघी अंगणातल्या उन्हाकडे बघत बसलो.

झोक्याची गाणी थांबली...

पुढचं सांगत नाही. आईनं सांगू नको म्हटलंय.

तो लॅपटॉप आता माझ्या टेबलावर असतो, जुन्याच कर्नलवर. रोज विचारतो, 'नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. आता अपग्रेड करायचे?' नव्या आवृत्तीत कार्ड चालणार नाही, हे मला माहीत आहे. मग त्याला हाक कोण मारणार?

मी 'नंतर' दाबते.