बाहीतला होकार

त्या दुकानाला पाटी एकच होती, पण कामं दोन चालत. पुढच्या भागात कपडे धुवून, इस्त्री करून आणि फाटले असतील तर रफू करून मिळत. मागच्या भागात, जाड तपकिरी पडद्याआड, आत्याचं दुसरं काम चाले. गल्लीतले लोक त्याबद्दल हळू आवाजात बोलत. आत्या मात्र मुळीच हळू बोलत नसे. "चेटकीण म्हणा की सरळ," ती गिऱ्हाइकांना सांगे. "लोहाराला लोहार म्हणताना जीभ अडखळते का तुमची?"

तिचा हा तोरा पोकळ नव्हता. चार पिढ्या ही विद्या त्यांच्या घरात होती आणि चार पिढ्यांत एकही काम उलटून कुणाच्या अंगावर आलं नव्हतं. त्याचं कारण नियम. ते फार नव्हते, आणि गूढ तर अजिबात नव्हते. ज्याचं काम त्याला विचारायचं, हा पहिला. भाचीने लहानपणी झोपलेली मांजर उचलली तरी आत्या म्हणे, "विचारलंस का तिला?" कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायची, हा दुसरा. तो तर सरळ धुलाईतून आलेला. खिसे, अस्तर, शिवणी पाहिल्याशिवाय कपडा पाण्यात टाकायचा नाही. आणि आपण घातलेला टाका आपणच निस्तरायचा.

"मंत्र काय, पोपटसुद्धा पाठ करील," आत्या म्हणे. "जी भांडी घासताना नियम पाळते ना, तीच पडद्याआड पाळते."

भाची सतरा वर्षांची होती. ती इतकं हळू बोले की इस्त्रीवाल्या काकांनी तिचं नावच कुजबुज ठेवलं होतं. बोलण्यात कच्ची, पण तिची नजर अशी की काळ्या कापडावरचा काळा धागा तिला दारातून दिसे. तिने केलेलं रफू शोधून दाखवायची काका गिऱ्हाइकांशी पैज लावत आणि दर वेळी जिंकत. तेवढ्या वेळापुरती कुजबुजची मान ताठ होई.

त्या दिवशी दुपारी आत्या मनगटाचं प्लास्टर कापून घ्यायला दवाखान्यात गेली. जाताना पडद्याजवळ थांबली आणि आपली सुई भाचीच्या गळपट्टीला टोचून दिली.

"साधं काम आलं तर घे. अवघड वाटलं तर बसवून ठेव. कळलं?"

"हं."

"हं म्हणजे काय? घशात कापूस आहे?"

"हो आत्या. म्हणजे... कळलं."

काका इस्त्रीवर पाणी शिंपडत हसले. "आज मालकीणबाई आहात. जरा आवाज काढा!"

बाहेर धुकं उतरलं होतं. तीन वाजले होते, तरी समोरचं दुकान दिसेनासं झालं होतं. रस्त्यावरून माणसं जात, पण आधी पावलं ऐकू येत आणि मग माणूस दिसे. काही पावलांचा तर माणूस दिसतच नसे. काकांनी दिवे लावले. ओल्या लोकरीचा आणि गरम वाफेचा वास दुकानात कोंडून राहिला.

साडेतीनच्या सुमारास दार वाजलं. कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण आत आली. भुवयांवर पीठ, डोळ्यांखाली काळं. हातात लहान मुलीचा गडद हिरवा लोकरी कोट होता.

"आत्याबाई नाहीत?"

"मी आहे," कुजबुज म्हणाली. ते बाईला ऐकू गेलं नाही. काका ओरडले, "ही आहे! हात आत्याचाच आहे, बोला बिनधास्त."

पडद्याआड बसल्यावर बाईने सांगितलं. तिची मुलगी सहा वर्षांची. महिनाभर घराबाहेर पाऊल टाकत नाही. शाळा बंद, खेळ बंद. कोट अंगावर चढवला की रडू लागते. म्हणते, दाराबाहेर कुणीतरी उभं आहे.

"मी दहादा दार उघडून दाखवलं. कुणी नसतं. तुम्ही धीराचे टाके घालता म्हणे..."

धीराचे टाके म्हणजे सोपं काम. कोटाच्या बाहीत, अस्तराच्या आतून, सात टाके. ज्याची बाही त्याच्या अंगी धीर येतो. कुजबुजने आत्याला ते पन्नास वेळा घालताना पाहिलं होतं. स्वतः एकदाही घातले नव्हते.

"तिला... आणलं नाही?"

"बाहेरच पडत नाही, तर आणू कशी, सांग."

माणूस समोर नसेल तर कपड्यातून विचारायचं, अशी रीत होती. बाहीत हात घालायचा, तीनदा विचारायचं आणि थांबायचं. होकार असेल तर अस्तर ऊबदार होतं. नकार असेल तर काहीच होत नाही, मग काम परत करायचं. आत्याला कधी कधी अर्धा तास थांबावं लागे.

कुजबुजने बाहीत हात घातला आणि पुटपुटली, "तुझ्यासाठी टाके घालू का?"

दुसऱ्यांदा विचारायची वेळच आली नाही. अस्तर गरम झालं. जणू कुणीतरी कधीपासून वाट बघत होतं, कधी विचारतील म्हणून.

तिचे कान लाल झाले. पहिलंच काम, आणि होकार इतक्या झटकन! आत्या आल्यावर कसं सांगायचं, याची वाक्यं तिच्या डोक्यात जुळू लागली. त्या भरात ती सुईत दोरा ओवून मोकळी झाली. कोट उलटा करून बघायचा राहिला. रोज शंभर कपडे उलटे करणारी मुलगी, पण त्या एका कोटाला चुकली.

पहिला टाका. दुसरा. तिसऱ्या टाक्याला सुई जरा जड चालली. चौथ्याला बोटं ओली झाली. तिला वाटलं घाम असेल. पाचव्याला वास आला... चिखलाचा, साचलेल्या थंड पाण्याचा. सहाव्याला बाहीच्या टोकातून एक थेंब टेबलावर पडला. बाई भिंतीकडे बघत बसली होती. कुजबुजने सातवा टाका घालून दोरा तोडला, तेव्हा टेबलावर पाण्याचं लहानसं थारोळं झालं होतं.

बाईचा फोन वाजला.

"घरून आहे," ती म्हणाली आणि फोन कानाला लावला. "काय गं बाळा? ...आजी कुठेय?"

पडद्याआड इतकी शांतता होती की पलीकडचा आवाज कुजबुजलाही ऐकू आला. लहान, अगदी स्वच्छ आवाज.

"आजी झोपलीये. आई, ती आत आली."

"कोण आत आली?"

"दारातली. ती रोज बाहेरच थांबायची ना? आत यायला घाबरायची. आता नाही घाबरत. ती म्हणते... तिला कुणीतरी विचारलं."

बाईच्या तोंडचं पाणी पळालं. कुजबुजने कोट ओढून घेतला आणि जे आधी करायचं ते आता केलं. उलटा केला. कॉलरच्या आत नावाची पांढरी पट्टी शिवलेली होती. पट्टीच्या कडेला, लोकरीत, सुईची बारीक भोकं होती. एक रांग आताच्या शिवणीची. तिच्याबाहेर दुसरी रांग, जुनी. आधी इथे आणखी एक पट्टी होती, याहून लांब, दुसऱ्या नावाची.

"हा कोट... आधी कुणाचा होता?"

बाईने कोटाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"सांगा ना. कुणाचा होता?"

"थोरलीचा," बाई म्हणाली. "दोन हिवाळे झाले. तळ्यावर बर्फ धरला होता... त्या दिवशी कोट न घालताच पळाली. घरीच होता हा, खुंटीवर. बर्फ फुटला... चांगला कोट, टाकवेना मला. यंदा धाकटीच्या अंगाला आला, म्हणून..."

तिने विचारलं होतं एकीसाठी आणि हो म्हणाली होती दुसरी. मग धीर मिळाला कुणाला? जी थंडीत दाराबाहेर उभी होती, उंबरा ओलांडायला धजत नव्हती, तिला. चार पिढ्यांत न झालेली चूक तिच्या हातून झाली होती, आणि तिकडे एक सहा वर्षांची पोर त्या पाहुणीबरोबर एकटी होती.

काकांनी पडदा बाजूला सारला. टेबलावरचं पाणी पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कपडे कापायची मोठी कात्री पुढे केली. "काप! टाके काप, बाही काप, सगळा कोट काप! बघत काय बसलीस?"

"नाही."

"अगं, पोरीचा जीव..."

"विचारल्याशिवाय नाही!"

ती एवढ्या मोठ्याने बोलली की काकांच्या हातातली कात्री खाली पडली. एवढं तिला पक्कं माहीत होतं. होकार घेऊन घातलेला टाका न विचारता कापला, तर तो दरोडा. आणि उंबरा ओलांडून आत आलेली मुलगी मग पाहुणी राहिली नसती.

"फोन चालू ठेवा," ती बाईला म्हणाली. आणि तिने त्या ओल्या बाहीत पुन्हा हात घातला.

आत अस्तर संपायला हवं होतं, तिथे संपलं नाही. हात कोपरापर्यंत गेला, दंडापर्यंत गेला. आणि मग कुणीतरी तिची बोटं धरली. लहान हात. बर्फासारखा थंड, सुरकुतलेला, जसा खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होतो.

"तुझे टाके... उसवू का?"

बोटं घट्ट झाली. गारठा तिच्या खांद्यापर्यंत चढला. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा. उत्तर नाही. फोनमधून धाकटीचा आवाज आला, आता जरा कापरा. "आई, ती माझ्या शेजारी बसलीये. ओली आहे खूप. मला पण थंडी वाजतेय..."

नकार आला की काम परत करायचं. पण आता परत कुणाला करणार? नियम इथे संपत होते. कुजबुजला लहानपणची ती मांजर आठवली. 'विचारलंस का तिला' एवढंच आत्या म्हणे. काय विचारायचं, हे कधी म्हणाली नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "मग तुला काय हवंय?"

मग अस्तराच्या आतून, पाण्याखालून यावा तसा आवाज आला.

"माझा आहे तो... तिला घातला... मला कुणी विचारलंच नाही."

बाईने तो ऐकला. तोंडावर हात दाबून ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तिने दुसऱ्या बाहीत हात घातला. पिठाचा, भट्टीने भाजलेला हात.

"तुझाच आहे गं राजा," ती म्हणाली. "चुकलं माझं. तुझाच आहे. घालून जा... गार वारं आहे बाहेर."

कुजबुजच्या बोटांवरची पकड सैल झाली. सुटताना तो लहान हात क्षणभर तिच्या मनगटापाशी थांबला आणि आतून एक शब्द आला, अगदी हळू, तिच्या स्वतःच्या बोलण्याइतका हळू.

"घालू?"

"हो," कुजबुज म्हणाली. "घाल."

मग तिच्या डोळ्यांसमोर टाके उसवत गेले. कुणी हात लावला नाही. दोरा एकेका भोकातून मागे सरकला आणि टाक्यागणिक एक तुकडा होऊन टेबलावर पडत राहिला. कोट फुगला, जणू कुणी खांदे आत सारले, आणि मग रिकामा होऊन खाली बसला. सगळा कोरडा ठणठणीत.

"आई?" फोनमधून आवाज आला. "गेली ती. कोट घालून गेली. आई, मी खाली खेळायला जाऊ?"

बाई त्यानंतर किती रडली आणि काकांनी तिला घरी कसं पोचवलं, ते वेगळं. पाचला आत्या परतली. कुजबुजने चुकीपासून सुरुवात केली, काहीही लपवलं नाही. आत्या उभ्याने ऐकत राहिली. सुई परत मागेल, या भीतीने कुजबुजने ती आधीच टेबलावर काढून ठेवली होती.

"उलटा केला नाहीस," आत्या म्हणाली.

"नाही."

"आणि कात्री समोर असताना कापला नाहीस."

"नाही."

आत्याने प्लास्टरमधून सुटलेल्या, पांढुरक्या पडलेल्या हाताने ती सुई उचलली आणि पुन्हा तिच्या गळपट्टीला टोचून दिली. "माझी आजी असती तर तिने कापला असता," ती म्हणाली. "मीही, कोण जाणे. पाचवी पिढी आमची, काका. बघून ठेवा!"

"आवाजही काढला आज तिने," काका म्हणाले. "कात्री पडली माझी!"

कुजबुज हसली. एवढी ताठ मान घेऊन ती कधी उभी राहिली नव्हती. आत्या टेबल आवरू लागली. उसवलेला दोरा तिने तुकड्या-तुकड्याने तळहातावर घेतला. घेता घेता थांबली.

"टाके सात घातलेस ना?"

"सात."

"इथे सहाच आहेत."

तिघांनी जमीन शोधली. टेबलाखाली, पडद्याच्या घडीत, कोटाच्या खिशात. काळ्यावरचा काळा धागा दारातून ओळखणाऱ्या कुजबुजलाही सातवा तुकडा कुठेच दिसला नाही. मग तिने बाह्या वर सारायला हात उचलला आणि मनगटापाशी काहीतरी टोचलं.

तिच्या स्वतःच्या स्वेटरची बाही. आतल्या बाजूने एक टाका होता. लहान मुलीच्या हातचा असावा तसा वेडावाकडा, पण घट्ट. दोरा तोच.

आत्याने दिव्याखाली ती बाही धरून बराच वेळ पाहिलं.

"हा घालताना... तुला विचारलं होतं का कुणी?"

कुजबुजला तो हळू शब्द आठवला. तेव्हा तिला वाटलं होतं, ती मुलगी कोटाबद्दल विचारतेय.

"हो," ती म्हणाली. आवाज स्पष्ट आला, खणखणीत, दुकानाच्या दारापर्यंत पोचेल असा. "विचारलं होतं. मी हो म्हणाले."

आत्याने टाक्यावरून अंगठा फिरवला. मग तो आपल्या पदराला पुसला. अंगठा ओला झाला होता.