साखर कुठे गेली?

“तुमच्या लॅबनं नळ्यांची अदलाबदल केलीय!” स्त्रीरोगतज्ज्ञ फोनवर कडाडले. “एकाच गरोदर बाईचे दोन रिपोर्ट, आणि दोन्हींची तोंडं दोन दिशांना. बाळाची वाढ आधीच मला जास्त वाटतेय. विश्वास कुठल्यावर ठेवू?”

लॅबच्या प्रमुख डॉक्टरला सगळं हॉस्पिटल पाठीमागे ‘डासबाई’ म्हणायचं. रक्त पिते म्हणून, आणि कानाशी गुणगुणत राहते म्हणूनही. तिनं दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले.

पहिल्यात साखर ठणठणीत होती. उपाशीपोटी ठीक, आणि ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनीही जवळपास तेवढीच. दुसरा रिपोर्ट गेल्या तीन महिन्यांच्या सरासरीचा होता, आणि तो सरळ धोक्याची घंटा वाजवत होता.

तिनं नळ्या भरणाऱ्या सिस्टरला बोलावलं आणि सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. मग नळ्यांमधलं रक्त पुन्हा तपासलं. साखरेच्या दोन आणि सरासरीची एक, अशा तिन्ही नळ्यांत एकच रक्तगट निघाला, तोही शंभरात एखाद्याचा. म्हणजे अदलाबदल नव्हती. माफी खरं तर सगळ्यांदेखतच मागायला हवी होती. तिनं ती दाराआड, हळूच मागितली, आणि त्याचीही तिला लाज वाटली.

“ग्लुकोज त्या बाईनं तुमच्यासमोर प्यायलं?” तिनं सिस्टरला विचारलं.

“रिकामा ग्लास मीच घेतला, मॅडम.”

“शेजारी कोण होतं?”

“तिची आई. बिचारी काळजीनं अर्धी झाली होती. नंतर सारखी पाणी पीत होती, सारखी बाथरूमला जात होती.”

डासबाई गुणगुणायची थांबली.

दुपारी मायलेकी तिच्या खोलीत आल्या. जावई बाहेर बाकावर बसला. डासबाईनं चहा मागवला.

“मला बिनसाखरेचा,” आई म्हणाली. “सवय आहे.”

“कधीपासून, मावशी?”

“झाली बरीच वर्षं.”

“आणि त्या दिवशी ग्लुकोज कसं लागलं?”

लेकीनं मान खाली घातली. आई मात्र हसली. “मला काय माहीत? पाणी हिनं प्यायलं.”

“सरासरी एवढी चढलेली असताना ते पोटात गेल्यावर साखर वर जायला हवी होती. हिची तसूभरही हलली नाही. मग साखर गेली कुठे? सिस्टरनी ग्लास रिकामा झालेला पाहिला, रिकामा होताना नाही. आणि त्यानंतर जी तहान लागली, जी बाथरूमची धावपळ झाली, ती हिची नव्हती. तुमची होती. एका ग्लासानं निरोगी माणसाला एवढी तहान लागत नाही, मावशी. तीन महिन्यांच्या सरासरीला मात्र तुम्ही फसवू शकला नाहीत. ती आधीच हिच्या रक्तात होती. बोट द्या.”

आईनं बोट पुढे केलं. रक्ताचा एक थेंब यंत्रावर गेला. आकडा उमटला तेव्हा लेकीनं तोंडावर हात ठेवला.

“मला मळमळत होतं,” ती म्हणाली. “आई म्हणाली, दे इकडे, कुणाला कळतंय. तुला डायबेटिस आहे? आई, मी माझ्या हातानं पाजलं तुला!”

“तुझं लग्न ठरवताना तुझ्या सासरच्यांनी विचारलं होतं, घरात कुणाला साखर आहे का.” आईचा आवाज पार तळाला गेला. “मी धडधडीत नाही म्हटलं. आता तुझ्यात निघाली असती, तर सगळ्यांनी कुठून आली म्हणून विचारलं असतं. तुला ऐकवलं असतं. मला वाटलं, एक ग्लास मी रिचवीन. बाळाचा विचारच मनात आला नाही.”

शरमेनं तिला मान वर करता येईना. खोलीत कुणालाच कुणाकडे बघवेना.

“उद्या तपासणी पुन्हा करू,” डासबाई म्हणाली. “पण पथ्य लागेल, कदाचित इन्सुलिनही, आणि हे घरात चोरून होणार नाही. बाळाला ते परवडणार नाही. बाहेर मी सांगू का?”

“नको. खोटं माझं आहे.”

आई उठली. दाराची कडी धरून क्षणभर उभी राहिली. मग तिनं दार उघडलं.

“जावईबापू, जरा आत या. मी तुम्हाला फसवलंय.”