दोघांत एक खोली

सन दोन हजार अठरा. जानेवारीची सतरा तारीख, बुधवार. थंडी हाडात शिरणारी, आणि संध्याकाळपासूनच धुकं उतरलेलं.

मोबाइल खिशात ठेवा. मध्येच खी-खी करायचं नाही. ज्याच्यावर हे बेतलं तो आमच्याच कामावरचा लिफ्टमिस्त्री. तीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. खोटं बोलायचं म्हटलं तर त्याला धड जमायचं नाही.

त्याची मुलगी लांबच्या शहरात दिलेली. पहिलं बाळंतपण, मूल आडवं, शुक्रवारी सकाळी दहाला ऑपरेशन. बापलेकीचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. शेवटी तिनेच फोन केला. म्हणाली, "मला आत नेण्याआधी या बाबा. नंतर येणार असाल तर येऊच नका."

मिस्त्रीने बुधवारी रात्रीचं विमान धरलं. एक दिवस हाताशी ठेवला.

विमान आधी तासभर लांबलं, मग दोन तास. अकराला फलकावर 'रद्द' आलं. काउंटरसमोर ही झुंबड. जो तो काउंटरवरच्या मुलीच्या अंगावर जातोय, जणू धुकं तिनेच पाडलं. ती रडकुंडीला येऊन ओरडली, "पहाटेच्या विमानात थोड्याच जागा आहेत! हॉटेलवर चारला बस येईल. रांगेत जो पुढे, त्याला आधी. एकट्या पुरुषांना दोघांत एक खोली."

मिस्त्रीच्या वाट्याला एक म्हातारा आला. घड्याळं दुरुस्त करायचा. अंगात जाड लोकरी स्वेटर, कानात ऐकायचं मशीन. तिसऱ्या मजल्यावर खोली. दोन खाटा, मध्ये हातभर जागा, खिडकी नीट लागत नव्हती.

म्हाताऱ्याने मशीन काढून कपात ठेवलं. "हे काढलं की ढोल वाजवला तरी मला कळत नाही. चारला हलवून उठवाल?"

मिस्त्री फिस्कारला. पण म्हाताऱ्याला ओठ वाचता यावेत म्हणून त्याच्या तोंडासमोर जाऊन बोलला. "जन्मभर लोकांची घड्याळं लावलीत, आणि स्वतःला उठता येत नाही?"

"लोकांचीच लावली," म्हातारा हसला. "उठवाल ना?"

"उठवीन! झोपा आता. डोकं खाऊ नका."

शब्द दिला. कसाही असो, दिला.

पावणेचारला मिस्त्री उठला. म्हातारा भिंतीकडे तोंड करून घोरत होता. मिस्त्रीने हात पुढे केला. मग मनात आलं, जागा थोड्या. हा एक मागे राहिला तर रांगेतला एक कमी... हात मागे घेतला. बूट हातात घेऊन बाहेर पडला आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

त्याला जागा मिळाली. शेवटून दुसरी. पण धुकं हललं नाही. सहाचं विमान आठला, आठचं बाराला, बाराचं चारला. लोक जमिनीवर पसरलेले, पोरं रडतायत, चार्जरच्या भोकासाठी मारामाऱ्या. मुलीचा फोन आला. "निघालात?" हा म्हणाला, "निघतोच आहे." तिने फोन ठेवला. संध्याकाळी सातला पुन्हा 'रद्द'. पुन्हा तीच बस, तेच हॉटेल. मॅनेजरने तीच किल्ली पुढे सरकवली.

"माझ्याबरोबरचे कुठे आहेत?"

मॅनेजरने वर पाहिलं. "सकाळी खाटेवरच सापडले. छाती धरून. डॉक्टर म्हणाले, साडेपाच-सहाला गेले असतील. आम्ही खोलीतला फोन वाजवून वाजवून थकलो." मग म्हणाला, "तुम्ही निघालात तेव्हा कसे होते?"

"झोपले होते."

"उठवलं नाहीत?"

मिस्त्री म्हणाला, "दुसरी खोली द्या."

"नाही. नको असेल तर बाहेर बाकडं आहे."

मिस्त्री हट्टी माणूस. बाकड्यावर झोपायला तो काही भिकारी नव्हता. किल्ली उचलली आणि वर गेला.

दुसऱ्या खाटेवरची गादी काढून नेली होती. नुसती फळी. त्याने दिवा चालू ठेवला, गजर लावला आणि फळीकडे पाठ करून पडला. दिवसभराचा शिणलेला. झोप लागली.

जाग आली तेव्हा दिवा बंद होता.

खोलीत कुणीतरी घोरत होतं.

मिस्त्री हलला नाही. वाटलं, शेजारच्या खोलीतलं असेल. कान दिला. शेजारच्या खोलीतलं नव्हतं. हातभर अंतरावरून येत होतं... पाठीमागून.

मोबाइल पाहिला. तीन पन्नास. चोरपावलांनी उठला, बूट हातात घेतले. कालच्यासारखेच. दारापाशी गेला. मूठ फिरली. दार उघडलं नाही.

हा माणूस मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टची दारं उघडणारा. कडी चाचपली, बिजागरी चाचपली. सगळं ठीक. खांदा लावला. दार भिंत झालं होतं.

खाली बसचा हॉर्न वाजला. एकदा. पुन्हा एकदा.

मागचं घोरणं थांबलं.

आता खोलीत काहीच आवाज नव्हता. पण कुणीतरी वाट पाहत होतं. ते कळतं... सांगावं लागत नाही.

मिस्त्री मागे वळला. अंधारात वाकला. हात पुढे केला. फळी लागायला हवी होती.

लोकर लागली. आत खांदा. गार.

त्याने तो खांदा हलवला.

"उठा... काका, उठा. चार वाजले. बस आली."

खाट करकरली.

मागे दार आपोआप उघडलं.

विमानतळावर काउंटरसमोर पुन्हा रांग. मिस्त्री रांगेत उभा राहिला, पण पुढच्या माणसाला चिकटून नाही. मध्ये एका माणसाची जागा सोडली. पुढचा सरकला की हाही सरके, आणि जागा तेवढीच राही. मागचे खवळले.

"ओ मालक, पुढे सरका की!"

"माणूस आहे पुढे."

"कुठाय? तुमच्या बापाचं भूत आहे का तिथे?"

एकाने बॅग ढकलून मध्ये घुसायचं केलं. मिस्त्रीने कोपर लावलं. "इथे यायचं नाही. मेलो तरी देणार नाही."

"दोनच जागा उरल्यात हो!" कुणीतरी मागून ओरडलं. मिस्त्रीने मोबाइलवर वेळ पाहिली. दहाला ऑपरेशन. पण तो हलला नाही.

पुढचा माणूस काउंटरवरून बाजूला झाला. मिस्त्री जागेवरच थांबला. एक माणूस आपलं काम सांगेल तेवढा वेळ. मागून शिव्या. काउंटरवरची मुलगी मान खाली घालून काहीतरी टाइप करत होती.

मग तिने मान वर केली. "या. खिडकीची आत्ताच दिली. शेजारची एकच राहिलीय, चालेल?"

"चालेल," मिस्त्री म्हणाला.

लेकीला आत नेण्याआधी वीस मिनिटं तो तिच्या खाटेशी पोचला, हे आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर तुमचा जीव तिथेच अडकायचा.

धुकं विरलं होतं, विमान वेळेवर सुटलं. खिडकीची जागा रिकामी होती. पट्टा मात्र लावलेला. ढिला नाही... माणूस बसल्यावर बसतो तसा, पोटाच्या मापाने उभा. मिस्त्रीने दोन तास तिकडे मान वळवली नाही.

विमान टेकलं. लोक उठले, बॅगा काढू लागले. मिस्त्री वाटेत बाजूला झाला आणि आतल्या माणसाला आधी जाऊ देतात तसा क्षणभर थांबला. मग खिडकीकडे पाहिलं.

पट्टा सुटलेला होता.