सात नंबरची काठी

भीती वाटली की माझे कान आधी गरम होतात. त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये ते पिंपरीपासूनच तापले होते. मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेली एक गोल्फची काठी होती, आणि चादरीत काय आहे हे कुणालाही कळू द्यायचं नव्हतं. मोशीच्या पुढे ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. चादर सुटली, काठी घसरली आणि तिचं लोखंडी टोक शेजारी डुलक्या घेणाऱ्या माणसाच्या गुडघ्यावर आदळलं.

तो दचकून जागा झाला, पण ओरडला नाही. काठी उचलून त्याने तिच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“तुमी डावखुऱ्या हाय का?”

“नाही. का?”

“मग ही तुमच्या कामाची न्हाई. ही डावखुऱ्याची हाय.”

कॅम्पातल्या दुकानदाराने ‘एकदम चांगला माल’ म्हणून गळ्यात मारलेली ती काठी मी चार दिवस गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे फिरवत होते, आणि जमत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत होते. पण हे कबूल कोण करणार? मी त्याला सांगितलं की मला दोन्ही हातांनी खेळता येतं. त्याने फार गंभीरपणे मान डोलावली... आणि खिडकीकडे तोंड वळवलं. काचेत मला त्याचं हसू दिसलं.

त्याचं नाव खंडू. आमच्याच कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे नीट करतात तिथे, फिटर, घर राजगुरुनगरच्या अलीकडे. त्या दिवशी पिंपरीत मावशीकडे मुक्काम झाला होता म्हणून तो या बसला होता, नाहीतर आमची गाठ पडली नसती. मी आम्रपाली. चाकणच्या या कारखान्यात जपानी दुभाषी. आमच्या कामाचा पहिला नियम असा की दुभाष्याला स्वतःचा ‘मी’ नसतो. साहेब जपानीत ‘मी रागावलो आहे’ म्हणाले की मी मराठीत ‘मी रागावलो आहे’ असंच म्हणायचं. सुरुवातीला टूलरूमचे फोरमन भिवाकाका मला बघितलं की लपायचे. त्यांना वाटायचं ही पोरगीच एवढी रागीट आहे.

आणि अशा माणसाने, ज्याचं कामच दुसऱ्याचं बोलणं खरंखुरं पोचवणं आहे, स्वतःच्या तोंडाने एक खोटं बोलून ठेवलं होतं. आमचे प्लांटप्रमुख मोरिता-सान मार्चअखेर कायमचे जपानला परतणार होते. जाण्याआधी त्यांना हिंदुस्थानातल्या तीन नामांकित खासगी क्लबांत गोल्फ खेळायचं होतं — एक बंगळूरचा, एक दिल्लीबाहेरचा आणि एक कोलकात्याचा, शंभर वर्षांहून जुना. माल पुरवणाऱ्या कंपन्यांचे मालक तिथे सभासद होते, ते पाहुणे म्हणून नेणार होते. सोबत दुभाषी हवा, पण खेळणाऱ्यांशिवाय कुणालाही त्या हिरवळीवर सोडत नाहीत. मोरिता-साननी विचारलं, तुम्ही खेळता का? मी म्हणाले, थोडंसं. नाही म्हटलं असतं तर त्यांनी पुण्याहून दुसरी बोलावली असती, आणि माझं कंत्राट मार्चमध्येच संपत होतं, ते वाढवणं त्यांच्याच हातात होतं. शिवाय मी तोवर विमानात बसले नव्हते. दोन्ही कारणं खरी, पण दुसरं जरा जास्तच खरं.

हे सगळं मी खंडूला बसमध्येच सांगून टाकलं. का सांगितलं, देव जाणे. चाकणच्या चौकात बस अर्धा तास अडकली होती, एवढंच म्हणता येईल.

उतरताना तो म्हणाला, “रविवारी आमच्या रानात या. उजव्या हाताची काठी मी देतो. पर माझं नाव कुठं निघता कामा न्हाई.”

नाव का निघायला नको, ते पुढच्या रविवारी कळलं. जपानी साहेबांच्या काठ्या तुटल्या, मुठी झिजल्या की त्यांचे ड्रायव्हर त्या गुपचूप टूलरूममध्ये आणून द्यायचे. शिफ्ट संपली की खंडू कंपनीच्याच शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरून त्या नीट करायचा. काठीवरची झीज बघून मालक कसा खेळतो ते त्याला कळायचं, पण गोल्फचं मैदान त्याने कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. जे काय येत होतं ते मोबाईलवर बघून आणि रानात मारून मारून. टूलरूममध्ये घरचं काम करायला सक्त मनाई. आठ वर्षं कंत्राटावर काढून तो आत्ता कुठे पर्मनंट झाला होता. नाव निघालं तर नोकरी गेली.

म्हणजे आता माझ्या एका खोट्यावर दोन नोकऱ्या टांगल्या होत्या. त्या दिवसापासून मला झोपेतसुद्धा गोल्फचे चेंडू दिसायला लागले.

त्यांच्या रानातला कांदा नुकताच काढून झाला होता. चेंडू हरवतील म्हणून खंडूने पहिल्या दिवशी मला वाफ्यात राहिलेले बारके कांदे मारायला लावले. पहिला कांदा फुटला आणि डोळ्यांत गेला. त्याची आई जाईबाई बांधावर चहा घेऊन आली, तर मी रडतेय आणि तिचा लेक समोर उभा. तिने त्याला जे झापलं, ते मी जपानीतसुद्धा सांगणार नाही.

खंडूची शिकवायची पद्धत मात्र टूलरूमची होती. साच्याचे दोन भाग एकमेकांत नीट बसतात का हे बघायला फिटर एक निळा रंग लावतात. जिथे लागलं तिथे डाग उमटतो. त्याने तोच रंग मला दिलेल्या उजव्या हाताच्या, सात नंबरच्या काठीच्या तोंडाला बोटाने पातळ पसरला आणि मला चेंडू मारायला सांगितलं. चेंडू जिथे लागेल तिथला रंग उडून खूण राहायची. माझी खूण दर वेळी भलतीकडेच, कधी टोकाला, कधी पार दांड्याजवळ.

“मधोमध आली की समजायचं,” तो म्हणाला.

“काय समजायचं?”

“...की जमलं.” आणि त्याने उगाच काठी पुसायला घेतली.

काठी कशी धरायची हे दाखवताना तो माझ्या बोटांना हात लावायचा तो चिमट्याने धरल्यासारखा, नखाच्या टोकाने. तरी माझ्या करंगळीला त्याचा निळा रंग लागायचाच. तो साबणाने जात नाही. आठवडाभर मीटिंगमध्ये मी करंगळी मुठीत लपवायची, कारण तो रंग टूलरूमचा आहे हे कुणीही ओळखलं असतं. आणि खरं सांगायचं तर रोज बसमध्ये एकदा मूठ उघडून बघायची. भीती होतीच, पण त्या भीतीत आता तोही होता. मला तो आवडायला लागला होता. हे मी त्याला सांगणार नव्हते. एक भानगड पुरे होती.

मार्चच्या पहिल्या शनिवारी बंगळूरला गेलो. क्लबच्या दारात एक जाडजूड वही होती. नाव, खेळाचा क्लब आणि खेळाडूचा दर्जा सांगणारा आकडा लिहायचा होता. मी खंडूने पाठ करून घेतलेला आकडा लिहिला आणि क्लबच्या रकान्यात लिहिलं ‘राजगुरुनगर’. मोरिता-साननी ते वाचलं. वही पुढे सरकवली. पहिल्या फटक्याला माझा चेंडू जेमतेम दहा पावलं घरंगळला. सगळे इतके सभ्य होते की कुणी हसलंसुद्धा नाही, त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं.

बाहेर येऊन खंडूला फोन केला.

“कसं दिसतं आतून?” त्याने विचारलं. माझ्या फटक्याचं काहीच विचारलं नाही.

मी सांगत गेले. गालिच्यासारखं गवत, अडीच माणसांच्या कवेत मावणार नाही असं झाड, तळ्याकाठचे बगळे. तो नुसता ‘व्हय... व्हय’ करत होता. मग म्हणाला, “तुमी बघितलं म्हंजे मी बघितलं.” मी फोन ठेवला तेव्हा कान गरम होते, आणि या वेळी ते भीतीने नव्हते.

दिल्लीला जरा बरं झालं. कोलकात्याला जाताना त्याने मला रंगाची छोटी डबी दिली. सकाळी सरावाला लावा, पुसून टाका, मग खेळायला जा. मी काठी पुसली. चेंडू पुसायचा राहिला.

सहाव्या खड्ड्याजवळ मोरिता-सान माझा चेंडू उचलून द्यायला वाकले आणि तसेच थांबले. चेंडूवर निळा ठिपका होता. त्यांनी तो अंगठ्याने चोळला, नाकाजवळ नेला.  हा माणूस तरुणपणी वीस वर्षं साचे घासत होता, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं.

“हा रंग कुणी दिला?”

 मी जपानीत, माझ्या स्वतःच्या ‘मी’ने बोलले. म्हणाले, मला गोल्फ येत नाही. जानेवारीत मी तुमच्याशी खोटं बोलले. जे काय येतं ते दहा आठवड्यांत शिकलेलं आहे.

“ते मला बंगळूरला कळलं,” ते म्हणाले. “रंग कुणी दिला?”

“ते मी सांगणार नाही.”

त्यांनी चेंडू खिशात टाकला. उरलेले बारा खड्डे ते पुढे खेळत राहिले, आणि मी त्या सुंदर, जुन्या झाडांखालून स्वतःच्याच तेराव्याला निघाल्यासारखी चालत होते. शेवटी गाडीत बसताना एवढंच म्हणाले, सोमवारी आठ वाजता टूलरूममध्ये या. दुभाषी लागेल.

खंडूला फोनवर सांगितलं.

“तुमी नाव सांगितलं?”

“नाही.”

“मग येऊ द्या त्यांना. तुमी भिऊ नका.” आवाज मात्र त्याचाच थरथरत होता. मला वाटलं, याने बसमध्ये माझ्याकडे बघितलंच नसतं तर किती बरं झालं असतं. आणि लगेच वाटलं, नको, तसं नको.

सोमवारी मोरिता-साननी तो चेंडू टूलरूमच्या सपाट लोखंडी टेबलावर ठेवला. भोवती पाच जण, भिवाकाका सगळ्यात मागे.  खंडू पुढे आला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

मोरिता-सान बोलले, मी मराठीत सांगितलं. “इथे घरचं काम करायचं नाही, हे तुला माहीत होतं?”

“व्हय. चूक माझी हाय. मॅडमचा काही संबंध न्हाई.”

मी जपानीत म्हणाले, चूक माझी आहे. त्याचं पुढचं वाक्य गाळावंसं वाटलं, पण नियम म्हणजे नियम. तेही सांगितलं. मोरिता-सान माझ्याकडे बघून म्हणाले की पत्रं दोन निघतील, एक याला आणि एक तुम्हाला. ताकीद. पुन्हा झालं तर घरी. ते मराठीत सांगताना माझा आवाज फाटला. मागे भिवाकाकांनी सोडलेला निःश्वास सगळ्यांना ऐकू आला. नोकरी वाचली होती, दोघांचीही.

मला वाटलं संपलं. पण मोरिता-सान तिथेच उभे. आता त्यांचा स्वर वेगळा होता, एका फिटरने दुसऱ्याला विचारावं तसा. मी तो प्रश्न खंडूपर्यंत पोचवला. “नोकरी जाईल हे कळत असूनही हिला का शिकवलंस?”

खंडूने हाताला लागलेला रंग चिंधीने पुसला. पुसला जाणार नव्हताच.

“बसमधी मला म्हनल्या, दोनी हातांनी खेळता येतं. येवढं मोठं खोटं येवढं भीतभीत सांगणारं मानूस मी बघितलं नव्हतं.” तो थांबला. मग पहिल्यांदा वर बघितलं. “मला ती आवडली. तवापासून आवडते.”

भिवाकाकांच्या हातातली कानस खाली पडली. त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं, एकालाच कळायचं राहिलं होतं, आणि त्याला सांगायचं काम माझं होतं. माझे कान पेटले. मी मोरिता-सानकडे बघून, जपानीत, शब्दाला शब्द लावून म्हणाले — मला ती आवडली. तेव्हापासून आवडते.

मोरिता-सान माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

“हे त्याचं झालं,” ते म्हणाले. “दुभाष्याचं काय म्हणणं आहे?”

मी वळले.  करंगळी मुठीतून बाहेर काढली आणि मराठीत बोलले.

“खंडू, मला तू आवडतोस. आणि मला आत्ता फार भीती वाटतेय.”

“मलाबी,” तो म्हणाला.

मोरिता-साननी टेबलावरचा चेंडू उचलून माझ्या हातात दिला आणि ते दाराकडे निघाले. आमचं बोलणं जपानीत सांगा, असं ते काही म्हणाले नाहीत.