खंडेनवमीला चालू झालेली मोटर

ही गोष्ट थाप आहे असं म्हणणारे मला आजवर तिघं भेटलेत. तिघांनाही मी म्हणालो, माझ्या दाजींना विचारा. तिघंही विचारून आले, आणि दाजी एक शब्दही बोलले नाहीत. म्हणून मीच सांगतो. नावं बदललीत आणि तळ्याचं नाव सांगणार नाही. बाकी अक्षर न् अक्षर खरं आहे.

दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. दुपारचे तीन. हुबळी, गोकुळ रोड.

दाजी म्हणजे सुमंत, माझ्या थोरल्या बहिणीचे, उत्तराक्काचे यजमान. गोकुळ रोडवर त्यांचं वर्कशॉप आहे. पंप, जनरेटर आणि बोटीच्या मागे बसवतात त्या मोटरी ते दुरुस्त करतात. हुबळीला ना समुद्र ना नदी, आणि हा माणूस बोटीच्या मोटरी उघडून बसतो! आम्ही त्यांना 'कॅप्टन' म्हणून चिडवायचो आणि ते खरोखर चिडायचे. पण हात सोन्याचा. "यंत्र खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी पद्मनाभ एक मोटर घेऊन आला. धारवाडच्या पलीकडे एका तळ्यावर बोटिंगचा ठेका त्याच्याकडे होता. मोटर निळी होती. कारवारहून जुनी घेतली म्हणाला.

"कधी एका झटक्यात चालू होते, कधी अर्धा तास दोरी ओढली तरी हूं नाही की चूं नाही," पद्मनाभ म्हणाला. "दसऱ्याला गर्दी होणार अण्णा. त्याआधी करून द्या."

दाजींनी ती पाण्याच्या पिंपावर लावली आणि दोरी ओढली.

पहिल्याच झटक्यात चालू.

तरी त्यांनी सगळं तपासलं. पेट्रोलच्या टाकीवरचा हवेचा स्क्रू, नळीतला रबरी फुगा, प्लग. कुठं काही नाही. दोन दिवस रोज दहा वेळा चालू करून बघितली. दहाच्या दहा वेळा चालू.

मोटर तळ्यावर गेली... आणि दुसऱ्या दिवशी परत आली.

"पुन्हा तेच," पद्मनाभ वैतागून म्हणाला.

मग दाजी स्वतः तळ्यावर गेले. बोट चालवायला संजीव नावाचा पोरगा होता. पंचविशीचा, त्याच वर्षी लग्न झालेला. दाजींना बघितल्याबरोबर तो वाकून पाया पडला. दाजी त्याला ओळखत होते. त्याचा थोरला भाऊ भीमसेन याच तळ्यावर बोट चालवायचा. चार वर्षांपूर्वी तो याच तळ्यात बुडून गेला.

दाजींनी दोरी ओढली. चालू.

पद्मनाभनं ओढली. चालू.

संजीवनं ओढली...

काहीच नाही.

"माझ्याच हाताला येत नाही बघा अण्णा," संजीव हसत म्हणाला. "बायकोसारखं. ऐकतच नाही."

दाजी हसले नाहीत. त्यांनी संजीवच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून दोरी ओढली.

दोरी वीतभर आली आणि थांबली. अडकली नव्हती. अडकलेली दोरी कशी लागते ते दाजींना झोपेतही कळलं असतं.

ही दोरी आतून कुणीतरी धरली होती.

मग ती हळूहळू आत गेली... त्या दोघांचे हात घेऊन.

दाजींनी मोटर उतरवली, रिक्षात घालून वर्कशॉपवर आणली आणि परत पिंपावर लावली. कार्ब्युरेटर काढून टेबलावर ठेवला. मग जे आजवर उघडलं नव्हतं ते खालचं झाकण उघडलं.

आत दोन तारा कापलेल्या होत्या. टोकांना पिवळी टेप. टेपचं शेवटचं टोक दुमडून आत खोचलेलं.

टेप अशी खोचायची सवय अख्ख्या गोकुळ रोडवर एकाच माणसाला आहे.

निळ्या रंगावर त्यांनी नख मारलं. खाली जुना पांढरा रंग निघाला.

आता हे समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. अशा मोटरीला एक लाल, पिळाची दोरी असते. तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला आणि दुसऱ्या टोकाचा चाप मोटरीवरच्या बटणात. माणूस पाण्यात पडला की चाप निघतो आणि मोटर जागेवर बंद होते. पण तळ्यावर पोरं खेळताना तो चाप ओढायची, सारखी मोटर बंद पडायची, गिऱ्हाईक ओरडायचं. म्हणून चार वर्षांपूर्वी पद्मनाभ दाजींकडे आला होता. "काढून टाका ते झंझट."

आपल्याकडे ही एक खोडच आहे. सारखं वाजतंय? तार कापा. दाजींनी पाच मिनिटांत कापली. चहा पिता पिता.

त्यानंतर पंधराच दिवसांनी भीमसेन बोटीतून पडला. पट्टीचा पोहणारा होता तो. पण मोटर बंद झाली नाही. बोटीनं मोकळीच चक्कर मारली... आणि परत त्याच्याच अंगावर आली.

पाय घसरून बुडाला, असं लोक म्हणाले. दोन तारांचं फक्त दोघांना माहीत होतं. पद्मनाभनं मोटर विकल्याचं सांगितलं, आणि दाजींनी ते मानून घेतलं.

आता तीच मोटर समोर होती. आणि दसऱ्याला ती चालवायला भीमसेनचा धाकटा भाऊ बसणार होता.

तारा जोडायला पाच मिनिटं लागली असती. पण जोडल्या की ती लाल दोरी द्यावी लागणार. दोरी दिली की संजीव विचारणार, ही आधी कुठं होती?

दाजींनी झाकण परत लावलं. मला हे सांगताना त्यांनी मान वर केली नाही. "भ्यालो मी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी अक्कानं येऊन सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लावलं. पक्कड, पाने, स्क्रू ड्रायव्हर पाटावर मांडले, फुलं वाहिली. आमच्याकडे त्या दिवशी पूजेतल्या हत्याराला हात लावत नाहीत आणि यंत्र चालवत नाहीत. अख्खा गोकुळ रोड गप्प असतो. वर्षभर खणखणाट ऐकलेल्या कानांना ती शांतता सोसत नाही.

जेवण करून दाजी समईत तेल घालायला एकटेच परत आले.

शटर वर केलं. आत उदबत्तीचा वास होता... आणि त्यात तळ्यातल्या शेवाळाचा.

पिंपातलं पाणी हलत होतं.

वारा नव्हता. रस्त्यावर गाडी नव्हती. तरी पाण्यावर गोल गोल लाटा उठत होत्या, आणि त्यांचं केंद्र पिंपाच्या काठाला धरून फिरत होतं.

एक चक्कर... दुसरी चक्कर...

आणि मोटर चालू झाली.

टाकी पद्मनाभच्या गाडीत होती. नळी भिंतीवर टांगलेली. कार्ब्युरेटर टेबलावर, कपाळाला कुंकू लावलेल्या पोरासारखा निवांत. पेट्रोल जायला वाटच नव्हती.

तरी मोटर चालत होती. पूर्ण वेगात.

दाजींनी बंद करायचं बटण दाबलं. काही नाही. प्लगची वायर उपटली. हातात वायर आली, मोटर चालूच. पाणी उसळून समईवर पडलं आणि समई विझली.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. हिला बंद करायचा एकच रस्ता उरलाय, आणि तो आपणच कापलाय.

त्यांनी पाटावरची पक्कड उचलली. कुंकवासकट. झाकण ओढून काढलं आणि पहिल्या तारेची टेप सोलली. मग दुसरीकडे वळले...

दुसरी आधीच सोललेली होती.

टेप बाजूला पडली होती. ओली.

दाजींनी तारांची कापलेली टोकं पिळून परत जोडली. बटणात चाप नव्हताच, त्यामुळे मोटर त्या क्षणी थांबली. पाण्यात माणूस पडल्यावर जशी थांबायला हवी होती तशी.

शांतता. आणि पिंपाच्या पलीकडून कुणीतरी दम सोडल्याचा आवाज... खूप वेळ पाण्याखाली राहून वर आलेल्या माणसाचा.

दाजी शटर न ओढताच केशवापूरच्या घरापर्यंत चालत आले. अक्का सांगते, त्यांचा डावा हात कोपरापर्यंत ओला होता आणि रात्रीपर्यंत वाळला नाही.

दसऱ्याला ते मोटर नीट जोडून तळ्यावर घेऊन गेले. चार वर्षं ड्रॉवरमध्ये पडलेली लाल दोरी त्यांनी संजीवच्या मनगटाला बांधली. पद्मनाभ दुसरीकडे बघत राहिला.

"हे काय अण्णा?" संजीवनं विचारलं.

"ही बांधल्याशिवाय बोटीत बसायचं नाही. कधीच."

संजीवनं मोटरीची दोरी ओढली. पहिल्या झटक्यात चालू! पोरगा खूश झाला. त्यानं दाजींच्या हातात बन्नीची, म्हणजे शमीची, पानं ठेवली आणि आमच्याकडे म्हणतात तसं कानडीत म्हणाला, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु." बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. पुन्हा पाया पडला. "तुम्ही मला भावासारखे आहात," म्हणाला.

दाजी तोंड उघडणार होते. उघडलं नाही.

त्या दिवसापासून मोटर बिघडलेली नाही. फक्त एक आहे. दाजी बोटीत बसले की ती चालू होत नाही. दोनदा बघितलं त्यांनी. आता ते त्या रस्त्यानंही जात नाहीत.

हे सगळं त्यांनी मला मागच्या उन्हाळ्यात सांगितलं. "संजीवला सांगून टाका," मी म्हणालो. ते पाना उचलून कामाला लागले. मग मीच सांगायचं ठरवलं... पण वर्कशॉप बंद पडलं तर अक्कानं काय करायचं? दोन भाच्यांची शिक्षणं व्हायचीत. आज नको, उद्या बघू, असं करत मीही गप्प बसलो.

मागच्या महिन्यात माझी मुलगी दीपश्री हट्टाला पेटली, म्हणून तिला घेऊन त्या तळ्यावर गेलो. संजीवनं मला ओळखलं. "अण्णांचे मेहुणे ना? या या." पैसे घेईना. मनगटाला लाल दोरी होती.

आम्ही बसलो. त्यानं मोटरीची दोरी ओढली.

काही नाही.

पुन्हा ओढली. पुन्हा.

"दोन वर्षांत पहिल्यांदाच हो," संजीव घाम पुसत म्हणाला. "वजन एकीकडे झालंय बहुतेक. तुम्ही जरा उतरता का?"

मी उतरलो. काठावर उभा राहिलो.

त्यानं दोरी ओढली.

पहिल्याच झटक्यात...

दीपश्री बोटीतून हात हलवत होती. "बाबा, या ना!"

माझं पाऊल उचललं नाही.