बत्तीसवर अडलेली डिस्क

“बत्तीस! पुन्हा बत्तीसच!” ढब्बू ओरडला. “आत्या, खोक्यावर तर एकशेवीस जीबी लिहिलंय! मग बाकीची जागा गेली कुठे?”

“मला काय विचारतोस? माझंच डोकं चक्रावलंय!”

आत्याच्या मागच्या खोलीत भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या होत्या. तिथे बसून ती डोळ्यांनी दिसत नसलेल्या मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. अकरा वर्षांचं ते वाचन कॉम्प्युटरच्या जुन्या डिस्कमध्ये होतं, आणि कालपासून ती डिस्क कट्‌कट् वाजत होती. आता ती कधी दगा देईल याचा नेम नव्हता. म्हणून नवी डिस्क आणली, तर ही तऱ्हा! पुस्तकं सत्तर जीबीची, जागा बत्तीसची. आत्या यादी घेऊन, जड मनाने, सोडून द्यायच्या पुस्तकांवर काट मारत होती.

सुट्टीला आलेली तिची भाचरं, चिमटी आणि ढब्बू, नुसती बघत राहिली. शेजारची त्यांची मैत्रीण मात्र गप्प बसेना. तिला दिसत नव्हतं, पण एकदा सुरू झाली की थांबायची नाही, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणत.

“माझं जंगलातलं पुस्तक राहील ना, आत्या?”

आत्या पेन खाली ठेवून यादीची घडी घालू लागली. रेडिओ चक्क गप्प झाली!

“सकाळी ही डिस्क बसवून गेलेले कॉम्प्युटरवाले काका काय म्हणाले?” चिमटीने विचारलं.

“कॉम्प्युटर म्हातारा झालाय, त्याला एवढंच मोजता येतं म्हणे.”

“मग डिस्क त्यांच्या नव्या कॉम्प्युटरला लावून बघू. चला!”

तिघं डिस्क घेऊन दुकानात गेली आणि काकांनी ती जोडली. पडद्यावर आलं, बत्तीस!

“आँ?” काका डोकं खाजवू लागले. “मग डिस्कच खोटी! विकणाऱ्याने फसवलं तुम्हाला.”

“सकाळी दोष कॉम्प्युटरचा, आता विकणाऱ्याचा! काका, एक काय ते ठरवा ना!” चिमटी वैतागली.

काकांनी डिस्क काढून रेडिओच्या हातात दिली. तिने ती चाचपली. मग टेबलावरची एक बिघडलेली डिस्क चाचपली, पुन्हा पहिली.

“या बिघडलेल्या डिस्कच्या मागच्या धातूच्या काड्यांवर एकच बारकी प्लास्टिकची टोपी आहे. आपल्या डिस्कवर दोन कशा?”

“दोन?” ढब्बू वाकला. “अरे हो! माझ्या लक्षातच आलं नाही!”

चिमटीने डिस्कवरचा कागद डोळ्यांजवळ धरला. त्यावर टोप्यांची चित्रं होती. “इथे लिहिलंय, ही जास्तीची टोपी लावली की डिस्क फक्त बत्तीस जीबी दाखवते! कोणी लावली ही?”

काकांचा चेहरा पडला. “मीच लावली! एकदा मोठ्या डिस्कमुळे एक जुना कॉम्प्युटर सुरूच होईना. तेव्हापासून जुना कॉम्प्युटर म्हटलं की हात आपोआप ती टोपी लावतात. पण टोपी काढली आणि तुमच्या आत्याचा कॉम्प्युटर अडला तर?”

“अडला तर परत लावू! आधी काढा तर!” चिमटी म्हणाली.

काकांनी बारक्या चिमट्याने टोपी काढली. सगळे धावत आत्याकडे आले. काकांनी डिस्क जोडली, बटण दाबलं. पडदा काळाच! ढब्बूने चिमटीचा हात गच्च धरला.

“काय झालं? सांगा ना कुणीतरी!” रेडिओ कळवळून म्हणाली.

तेवढ्यात अक्षरं उमटली.

“एकशेवीस!” दोघं एकदम ओरडली.

“शाब्बास, पोरी!” काका म्हणाले. “इतकी वर्षं मी हेच काम करतोय, पण तुझ्या बोटांना कळलं ते मला नाही कळलं.”

आत्याने यादी टराटरा फाडली.

“आत्या, माझ्या पुस्तकावर काट होती का गं?” रेडिओने हळूच विचारलं.

आत्याने तिला जवळ घेतलं. “होती. सगळ्यात पहिली! म्हटलं, बाकीची गेली तर कायमची जातील, पण हे तुला पाठ आहे. तुझ्याकडे ते राहिलं असतं.”